जुनी फाइनवर्कबाउ ३००एस घेण्यापूर्वी

या जर्मन हवाई रायफलवरील कोरीव नावापेक्षा आधी पंचकोनातील ‘एफ’ हा ठसा शोधावा. तो असल्यास ती जर्मन बाजारासाठी १९७० किंवा त्यानंतर तयार झालेली, गोळीची ऊर्जा साडेसात ज्यूलपेक्षा अधिक नसलेली रायफल समजावी. बाजूची तरफ ओढून भरल्यावर गोळी सुटताना नळीसह संपूर्ण यंत्रणा रुळांवर किंचित मागे सरकली पाहिजे. ती अडखळत असेल, तर दोष बहुधा वाळलेल्या वंगणाचा असतो आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात व धुळीत तो लवकर बळावतो. मात्र दाबकक्षात, म्हणजे हवा दाबली जाते त्या भागात, तेल कदापि सोडू नये, कारण दाबाने ते पेट घेते. मागील छिद्रदर्शिका (बारीक छिद्रातून नेम धरण्याचे साधन) मूळची आहे ना, हेही पाहावे. काही विक्रेते ती वेगळी विकतात. ती बसवल्यावर दहा मीटरवर, टेकू देऊन, प्रथम पाच गोळ्यांचा गट पाहावा आणि मगच नेम जुळवण्यासाठी तिच्या खुंट्या फिरवाव्यात.