अमेरिकेत अमली पदार्थांच्या झडतीसाठी पोलीस दार फोडून घरात शिरतात, त्याविरुद्ध वस्तीतल्या लोकांनी उभे राहून काही उपयोग होतो का?

उपयोग होतो. मी २१ वर्षे जॉर्जिया राज्यात राहते आणि त्यातले १४ महिने याच कामात घातले आहेत, म्हणून हे ठामपणे सांगते. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारले आहे की, ‘पण पोलीस उगाच कुणाच्या दारात येत नसतील ना?’ खरे सांगायचे तर त्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले.

आमच्या समोरच्या घरात ७८ वर्षांच्या एक कृष्णवर्णीय आजी एकट्या राहत असत. शाळेची बस चालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मार्च महिन्यातल्या एका पहाटे, पावणेपाचच्या सुमारास, एवढा मोठा आवाज झाला की रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला असेच मला वाटले. खिडकीचा पडदा सारला तेव्हा आजींच्या अंगणात हेल्मेट घातलेली, हातात लांब बंदुका घेतलेली दहा-बारा माणसे दिसली आणि त्यांचे पुढचे दार चौकटीसकट आत कोसळलेले होते. ‘पोलीस, पोलीस’ ही आरोळी मला स्फोटानंतर ऐकू आली, आधी नाही; पुढे हे मी सहीनिशी लिहून दिले.

सुमारे ४० मिनिटांनी ती माणसे निघून गेली आणि मी धावत पलीकडे गेले. आजी जेवणाच्या टेबलाशी रात्रीच्या कपड्यांतच बसल्या होत्या. दोन्ही मनगटांवर प्लॅस्टिकच्या पट्टीचे लाल वळ उमटलेले होते. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर ताटलीएवढे गोल भोक जळले होते आणि त्यातून अजून धुराचा वास येत होता. फ्लॅशबँग, म्हणजे डोळे दिपवणारा आणि कानठळ्या बसवणारा पोलिसांचा स्फोटक गोळा, तिथे फुटला होता. त्यांचे कानाचे यंत्र मात्र झोपण्याच्या खोलीत, उशाशी, डबीतच होते. म्हणजे ‘हात वर करा’, ‘जमिनीवर पडा’ असे जे काही त्यांच्यावर ओरडले गेले, त्यातले एक अक्षरही त्यांच्या कानी पडलेले नव्हते. त्या वेळी त्यांचा हात डबीकडे गेला असता तर काय झाले असते, या विचाराने मला पुढे कित्येक रात्री झोप लागली नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीचा छापील कागद ठेवलेला होता. त्यावर ‘काही नाही’ असे लिहून खाली सही केली होती.

पोलिसांना जायचे होते ते दुसऱ्याच रस्त्यावर. आमच्या भागात एकाच नावाचे दोन रस्ते आहेत. एकाच्या शेवटी ‘ड्राइव्ह’ आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘कोर्ट’, बाकी घर क्रमांकसुद्धा तोच.

त्या रविवारी माझे थोरले दीर जेवायला आले होते. मी हकिगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, “पोलीस उगाच कुणाच्या दारात येत नाहीत. नातू वगैरे काहीतरी विकत असेल. आपण बाहेरून आलेली माणसे, आपण या भानगडीत पडू नये.” आजींना नातू नव्हताच. भाऊजी हे उत्तर वाचतील, आणि वाचावेच असे मला वाटते.

कारण हे वाक्य याआधीही बोलले गेले होते, आणि आमच्याच राज्यात खोटे ठरले होते. २१ नोव्हेंबर २००६ रोजी अटलांटात कॅथरीन जॉन्स्टन या ९२ वर्षांच्या बाईंच्या घराचे दार पोलिसांनी असेच फोडले. चोर शिरले असे समजून त्यांनी एक गोळी झाडली आणि उत्तरादाखल पोलिसांनी ३९ गोळ्या झाडल्या. खबऱ्याने त्या घरातून माल विकत घेतला असे जे शपथेवर सांगून पोलिसांनी वॉरंट मिळवले होते, ते पूर्ण खोटे होते, आणि बाई मेल्यावर त्यांच्या तळघरात गांजाच्या पुड्या ठेवण्यात आल्या. हे उघडकीस आले, कारण आपण माल घेतला असे खोटे सांगायला त्या खबऱ्याने नकार दिला. तीन पोलिसांना तुरुंगवास झाला, शहराने ४९ लाख डॉलर भरपाई दिली, आणि लोकांनी रेटा लावून धरल्यामुळे २००७ मध्ये अटलांटात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणारे नागरिकांचे पुनरावलोकन मंडळ स्थापन झाले. २०१४ मध्ये याच राज्याच्या हॅबरशॅम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) १९ महिन्यांच्या बाळाच्या पाळण्यात फ्लॅशबँग पडला. ज्याला पकडायचे होते तो माणूस त्या घरात नव्हता आणि घरात अमली पदार्थही सापडले नाहीत. ह्यूस्टनमध्ये २०१९ साली एका पोलिसाने खबऱ्याची खरेदी रचून सांगितली आणि त्या झडतीत नवरा-बायको दोघेही मारले गेले. त्या पोलिसाला २०२४ मध्ये ६० वर्षांची शिक्षा झाली.

आता आम्ही काय केले ते सांगते. चर्चच्या तळघरातल्या पहिल्या बैठकीला आम्ही नऊ जण होतो. त्यांपैकी कोर्टातून निवृत्त झालेल्या एका कारकून बाईंनी सांगितले की घोषणा नंतर द्या, आधी वॉरंट आणि त्यामागचे शपथपत्र हातात घ्या. जॉर्जियाच्या कायद्यानुसार सरकारी कार्यालयाला कागदपत्रांच्या अर्जाला कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर वेळेत आले, पण ‘चौकशी चालू आहे’ एवढेच. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. प्रत्यक्ष कागद चार महिन्यांनी मिळाले. शपथपत्रात घराचे वर्णन होते: एकमजली, डाव्या हाताला गॅरेज. आजींच्या घराला गॅरेजच नाही. दार फोडण्याआधी कुणी एक मिनिट थांबून नुसते पाहिले असते, तरी लक्षात आले असते.

काउंटीच्या मंडळाच्या सभेत प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटे मिळतात. आम्ही ते शपथपत्र आपसांत वाटून घेतले. एकाची वेळ संपली की पुढच्याने त्याच ओळीपासून वाचायला सुरुवात करायची. दर महिन्याला हेच. चौथ्या सभेपासून स्थानिक वार्ताहर येऊ लागले आणि सातव्या सभेनंतर अधिकाऱ्यांनी आम्हाला चर्चेला बोलावले. शेवटी तीन गोष्टी लेखी नियमात आल्या: पत्ता आणि घराचे छायाचित्र वरिष्ठाने आदल्या दिवशी स्वतः जाऊन पडताळायचे, पोलिसाच्या अंगावरचा बॉडी कॅमेरा दार फोडण्यापूर्वीच चालू करायचा, आणि अशा झडत्या किती झाल्या व त्यांत काय सापडले याचे आकडे दर वर्षी जाहीर करायचे. फ्लॅशबँगवर बंदी मिळाली नाही. रात्रीच्या झडत्यांवरही मिळाली नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल माझे स्पष्ट मत असे की ‘न ठोठावता शिरण्याला बंदी घाला’ एवढ्याच मागणीवर शक्ती खर्च करू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठोठावणे हा घटनेच्या चौथ्या दुरुस्तीने अवाजवी झडतीपासून दिलेल्या संरक्षणाचा भाग मानला आणि १९९७ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना त्यातून सरसकट सूट देता येणार नाही असेही सांगितले. पण २००३ च्या एका निकालात ठोठावून १५ ते २० सेकंद थांबणे पुरेसे ठरले, आणि २००६ मध्ये न्यायालयाने म्हटले की ठोठावण्याचा नियम मोडला तरी मिळालेला पुरावा बाद होणार नाही. ज्या नियमाच्या भंगाला किंमत मोजावी लागत नाही, तो पहाटे पावणेपाचला कोण पाळणार? केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात २०२० मध्ये अशाच झडतीत पोलिसांच्या गोळ्यांनी मारल्या गेलेल्या ब्रिओना टेलर या तरुणीच्या बाबतीतही न ठोठावता शिरण्याची परवानगी वॉरंटमध्ये होती, आणि तरीही आपण ठोठावले होते असे पोलीस सांगत राहिले. लुइव्हिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले म्हणूनच ११ जून २०२० रोजी तिथल्या कौन्सिलने २६ विरुद्ध ० मतांनी अशा वॉरंटवर बंदी घातली. त्या लोकांबद्दल मला अपार आदर आहे. फक्त माझे म्हणणे असे की थांबण्याचा किमान वेळ, दिवसाउजेडी झडती, कॅमेरा आणि आकडे या गोष्टी त्या बंदीसोबतच मागा, नाहीतर दोनदा दार वाजवून तिसऱ्या क्षणी ते फोडले जाईल आणि कागदोपत्री सगळे नियमात बसेल.

आकड्यांवर माझा एवढा भर का? नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेने २०१४ मध्ये स्वॅट या पोलिसांच्या खास सशस्त्र पथकांच्या ८०० हून अधिक मोहिमा तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ६२ टक्के अमली पदार्थांच्या झडतीसाठी निघाल्या. ओलीस धरलेल्यांना सोडवण्यासारख्या प्रसंगांकरिता उभारलेली पथके कुठे वापरली जातात, हे त्यानंतर आकड्यानिशी बोलता येऊ लागले. मेरीलँडमध्ये २००८ साली बर्विन हाइट्सच्या महापौरांच्याच घरात पथक शिरले आणि त्यांची दोन कुत्री मारली गेली. ते निर्दोष होते. त्यानंतरच त्या राज्याने अशा मोहिमांची नोंद देणे कायद्याने बंधनकारक केले. महापौरांच्या दारातही पोलीस उगाच येऊ शकतात, भाऊजी.

आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. जॉर्जियात काउंटीचा शेरीफ, म्हणजे तिथला कायदा-सुव्यवस्थेचा मुख्य अधिकारी, दर चार वर्षांनी मतदानाने निवडला जातो. नागरिकत्व मिळालेली आपली कितीतरी कुटुंबे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर रात्ररात्र बोलतात आणि मतपत्रिकेवर खाली असलेल्या या पदासमोरची जागा रिकामी सोडतात. ‘आपण बाहेरून आलेलो’ हे म्हणणे २५ वर्षे कर भरून, घर विकत घेऊन, मुलांना इथल्या शाळेत घालून झाल्यावर खरे राहत नाही. ती शेजाऱ्याकडे पाठ फिरवण्याची सबब होते. मी हे त्या रविवारी टेबलावर बोलायला हवे होते. तेव्हा मी पोळ्या वाढत राहिले.

हेही लिहायला हवे की मी वकील नाही, आणि प्रत्येक राज्याचे, प्रत्येक काउंटीचे नियम वेगळे आहेत. फेंटानिल या जीवघेण्या अमली पदार्थाने घरे उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत. त्याचा धंदा करणाऱ्यांना पकडू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. अशा झडत्यांत पोलीसही मरतात, हा मुद्दा आमच्या सभेत एका निवृत्त पोलिसानेच मांडला आणि त्याचा सगळ्यांत जास्त परिणाम झाला, तेव्हा तुमच्या भागात असे कुणी मिळाले तर त्यांना अवश्य सोबत घ्या. प्रत्यक्ष प्रसंग ओढवला तर अंगाने प्रतिकार करू नका, हात दिसतील असे ठेवा, झडतीला संमती नाही एवढे शांतपणे सांगा आणि वॉरंटची व यादीची प्रत मागून घ्या.

आणि सुतार येण्यापूर्वी दाराचे, चौकटीचे फोटो काढा. आम्ही काढले नव्हते. चर्चच्या मंडळींनी दुसऱ्याच आठवड्यात मायेने नवे दार बसवून दिले, जुनी चौकट कचऱ्यात गेली, आणि भरपाईच्या अर्जावर काउंटीच्या विमा कंपनीने विचारले की दार आधीपासूनच खराब नव्हते याचा पुरावा काय. ते पैसे अकरा महिन्यांनी मिळाले. तोवर आजी घर विकून मुलीकडे राहायला गेल्या होत्या.