इंग्लंडमध्ये २ एकर कुरण आहे, अल्पाका पाळावेत का?

हौस म्हणून जरूर पाळा, पोटापाण्यासाठी नको. अल्पाका म्हणजे उंटाच्या कुळातलं, लोकरीसाठी पाळलं जाणारं जनावर. एकटा अल्पाका झुरतो, म्हणून निदान ३ तरी आणा. तळवे मऊ असल्यानं कुरण उखडत नाही आणि सगळे ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतात, त्यामुळे झाडलोट सोपी. (आमच्या गुलाबांना तेच खत!)

लोकर वर्षातून एकदाच कातरायची, जनावरामागे २-३ किलो. ती विकून कातरणाऱ्याची मजुरी सुटली तरी नशीब. पिल्लं विकू म्हणाल, तर मादी जवळजवळ साडेअकरा महिने गाभण राहते आणि देते बहुधा एकच.

खरी डोकेदुखी आजारपणाची. हे जनावर दुखणं लपवतं. बसून राहायला लागलं की बऱ्याचदा उशीर झालेला असतो. लोकरीमुळे रोडावलेलं नुसतं बघून कळतही नाही, पाठीचा कणा हातानं चाचपावा लागतो. शरीर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उन्हाला सरावलेलं, म्हणून इथल्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्व द्यावं लागतं. गुरांचा क्षयही त्यांना होतो, तेव्हा शेजारी गोठा असेल तर आधी पशुवैद्याशी बोला.

थुंकतात का? हो, पण बहुतेकदा एकमेकांवर, खाण्यावरून. मधे उभे राहू नका.