तुमचे प्रश्न: मुलांचे थंडीचे कपडे

डिसेंबरअखेर मनाली-सोलांगला जातोय. मुलगा 6 वर्षांचा, मुलगी 3 वर्षांची. चांगलं जाडजूड जॅकेट एकेक घेतलं तर पुरेल का? बर्फाचे कपडे तिथे भाड्याने मिळतात म्हणे. (पुणे)

एकट्या जाड जॅकेटवर भिस्त ठेवू नका. ऊब देते ती कपड्यांत अडकून राहिलेली कोरडी हवा. मूल बर्फात अर्धा तास खेळलं की घामाने आतला सुती बनियन भिजतो आणि अंगाला चिकटतो. मग वर कितीही जाड जॅकेट असलं तरी दात वाजायला लागतात. म्हणून थंडीच्या सहलीत अंगालगत सुती कपडा नको.

अंगाबरोबर बसणारं पॉलिस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा उबदार कपडा) आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, असे तीन थर करा. जॅकेट फ्लीस घालूनच मापाला लावून बघा. हात वर केल्यावर पोट उघडं पडत असेल किंवा खांद्यात आवळत असेल, तर एक माप मोठं घ्या. चार-पाच दिवसांसाठी प्रत्येकी थर्मलचे 3 जोड, फ्लीस 2, जॅकेट 1, पाणी न शिरणारी पँट 1, लोकरीचे पायमोजे 5 जोड आणि हातमोजे 2 जोड घ्या. हातमोज्यांचा एक जोड पहिल्याच दिवशी भिजणार, हे धरूनच चाला. मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा अंगठा वेगळा असलेले पिशवीसारखे मोजे बरे, कारण त्यांत बोटं एकमेकांना ऊब देतात.

भाड्याचा सूट वरचा थर म्हणून चालेल. घेताना आत हात घालून अस्तर ओलं नाही ना, चेन शेवटपर्यंत लागते ना आणि गुडघ्यांची शिवण उसवलेली नाही ना, हे पाहा. भाड्याचे गमबूट पाणी अडवतात, थंडी अडवत नाहीत. त्यात लोकरीचा एकच जाड मोजा घाला आणि बोटांपुढे सुमारे 1 सेंटीमीटर जागा ठेवा. दोन मोजे कोंबले की मोजे दबतात, रक्ताभिसरण मंदावतं आणि पाय उलट जास्त गारठतात.

अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जाणार असाल तर तीही तयारी ठेवा. मनाली साधारण 2,000 मीटरवर आहे, सिस्सू 3,000 च्या वर. दर हजार मीटरला तापमान सरासरी 6 अंशांनी उतरतं, शिवाय वारा असतो तो वेगळाच. आणि गॉगल विसरू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून ‘यूव्ही 400’ लिहिलेलाच गॉगल घ्या.

बाळ 5 महिन्यांचं आहे. हातपाय गार लागतात म्हणून सासूबाई झोपतानाही तीन स्वेटर आणि कानटोपी घालतात. बरोबर आहे का? (निफाड)

निफाडची थंडी बघता सासूबाईंची काळजी रास्तच आहे. पण तान्ह्या बाळाचे हातपाय गार असणं नेहमीचंच, त्यावरून अंदाज बांधू नये. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावा. कोमट आणि कोरडं लागलं तर कपडे पुरेसे आहेत, घाम असेल तर एक थर कमी करा. आपल्या अंगावर जेवढे थर, त्याहून एक जास्त, एवढं धोरण पुरतं. इथे आत मऊ सुती झबलं चालतं, कारण बाळ धावून घामेजत नाही.

झोपताना टोपी मात्र काढाच. बाळ जादा उष्णता मुख्यतः डोक्यावाटे सोडतं, शिवाय टोपी घसरून नाकातोंडावर येऊ शकते. वर्षाच्या आत सुटी गोधडी किंवा दुलईही नको. कुंची बाहेर नेताना उत्तम, फक्त तिचे बंद गळ्याशी आवळू नका आणि घरी आल्यावर लगेच सोडा.

हाताने विणलेला लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये धुतला आणि बाहुलीचा झाला. पूर्ववत होईल का? बाकीच्यांना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकू का? (नागपूर)

नाही होणार. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून घट्ट होतात, मग सुटत नाहीत. बाकीचे स्वेटर 30 अंशांपेक्षा गरम नसलेल्या पाण्यात, रिठ्याचं गाळलेलं पाणी घालून, न चोळता दाबून दाबून धुवा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवे पसरा, दोरीवर टांगले तर ओलाव्याच्या वजनाने लांबतात.

डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत अजिबात नकोत. जी6पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांमध्ये डांबरगोळ्यांतल्या नॅप्थालीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते आणि ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. कसरीच्या अळ्यांना घामाचे, दुधाचे डाग आवडतात. तेव्हा स्वच्छ धुवून, पूर्ण वाळवून, झिप लागणाऱ्या पिशवीत ठेवा आणि मधून मधून उलगडून झटका.

मुलीचं पिसांचं जॅकेट धुतल्यावर आत गोळे झाले. फेकावं का? (टोरोंटो)

मुळीच नाही, ते फक्त आतून ओलं आहे. ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर, 2-3 स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवा. दर अर्ध्या तासाने काढून गोळे बोटांनी मोकळे करा. दोन-तीन तास लागतील. वरून कोरडं वाटलं म्हणून थांबलात तर आतून कुबट वास येईल. पुढच्या वेळी धुताना सॉफ्टनर घालू नका, त्याने पिसं चिकटून फुगेनाशी होतात.

तुम्ही विचारलं नाही, पण सांगायलाच हवं: हे जॅकेट घालून मुलीला गाडीच्या चाइल्ड सीटमध्ये बांधू नका. धडकेत जॅकेट चेपतं आणि पट्टा सैल पडतो. आधी फ्लीसवर पट्टा लावा. खांद्यापाशी तो चिमटीत धरता येत नसेल तर बरोबर बसला. मग जॅकेट उलटं करून, पाठ पुढे घेऊन, पट्ट्यावरून हातांत चढवा.