सौर पॅनेल घेण्याआधी

प्रश्न : मालवण तालुक्यात समुद्राजवळ आमची सहा खोल्यांची निवास-न्याहारीची सोय आहे. प्रत्येक खोलीत एसी आणि गीझर असल्याने मे महिन्यातील वीजबिल परवडेनासे होते. गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत का?
– एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : अवश्य बसवावेत, परंतु सर्वांत शेवटी, कारण आज वाया जाणारी वीज भरून काढण्यासाठी पॅनेल विकत घेणे म्हणजे उधळपट्टीसाठी भांडवल गुंतवणे होय.

आधी गरम पाण्याकडे पाहावे. १०० लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवण्यास सुमारे ३ युनिट वीज लागते. म्हणजे रोज ४०० लिटर पाणी तापवल्यास जवळपास १२ युनिट केवळ आंघोळीवर खर्च होतात. सौर बंब हेच काम थेट उन्हावर करतो आणि त्याला पॅनेलपेक्षा जागाही कमी लागते.

एसीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगते. पण पाहुण्यांना सूचना देऊन हे साधत नाही आणि पैसे मोजून आलेल्या माणसावर अशी सक्ती करूही नये, असे मला वाटते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खोलीत सोडत राहतो, म्हणून पाहुणा एसी १८ अंशांवर नेतो. स्लॅबवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप दिला, पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरली आणि ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा लावला, तर किनाऱ्यावरील दमट हवेतही २६ अंशांवर झोप लागते.

एवढे झाल्यावर हंगामातील महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ मीटरचे आकडे आणि भरलेल्या खोल्या वहीत लिहाव्यात. एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतात, त्यावरून क्षमता ठरवता येईल. पॅनेल दिवसा वीज देतात आणि आपला एसी रात्री चालतो, त्यामुळे नेट मीटरिंगची, म्हणजे दिवसा वीज कंपनीला दिलेली जादा वीज बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीची, मंजुरी मिळाल्याशिवाय मोठी गुंतवणूक करू नये. पावसाळ्यात उत्पादन घटते, पण त्या काळात पर्यटकही कमी असतात.

पॅनेलच्या सांगाड्याच्या बाबतीत मात्र काटकसर नको. खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्गात काय केले ते आपण पाहिलेच आहे. म्हणून जस्तलेपित किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा घेऊन तो किती वेगाच्या वाऱ्यात टिकेल, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.