दिवाळं निघाल्यावर पुढे काय?

प्रश्न: ताई, धंदा बुडाला, कोर्टाने दिवाळखोर जाहीर केलं, सहा महिने झाले तरी अनोळखी नंबर वाजला की छातीत धस्स होतं. हे कधी थांबतं?

उत्तर: दादा, माझंही दिवाळं निघालेलं, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. मी तर फोन सायलेंट करून उशीखाली ठेवायचे आणि तरी व्हायब्रेशन ऐकू यायचं, नसलेलं सुद्धा! वर्षभराने कमी झालं. आता कामाचं. कोर्टाच्या आदेशाची कॉपी हाताशी ठेवा, जुन्या कर्जासाठी कुणी फोन केला तर वाद न घालता केस नंबर सांगायचा आणि फोन ठेवून द्यायचा. पण सगळंच माफ होतं असं समजू नका, पोटगी, कोर्टाचा दंड असलं बहुतेक ठिकाणी डोक्यावर राहतंच, आणि कुणी जामीन राहिलं असेल तर बँक त्याच्या मागे लागते, माझ्या बाबतीत तो सख्खा भाऊ होता, दोन वर्षं बोलला नाही, ते कर्जापेक्षा जड गेलं बघा. क्रेडिट रिपोर्टवरचा डाग काही वर्षं राहतो, तेवढ्यात नवीन कार्ड देतो म्हणणारे भेटतीलच, व्याजाचा दर बघा, घाम फुटेल. मी रोजचा खर्च वहीत लिहायला लागले, पहिल्या पानावर फक्त बसचं तिकीट आहे.