वैमानिकाच्या खांद्यावरच्या फिती

प्रश्न असा: विमानातल्या एका वैमानिकाच्या खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या दिसल्या, दुसऱ्याच्या तीन. त्यांना मराठीत काय म्हणावं, आणि हा चारवाला ‘कॅप्टन’ लष्करातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा का?

शब्द आपल्याकडे तयारच आहे: फीत, अनेकवचनी फिती. हवालदाराच्या दंडावरच्या तीन फिती सगळ्यांना ठाऊक आहेत. ‘पदचिन्ह’ही चालेल, पण ते सरकारी परिपत्रकात जास्त शोभतं.

बरोबरीचं म्हणाल तर मुळीच नाही. भूदलातला कॅप्टन खांद्यावर तीन तारे लावतो आणि बहुधा विशी-तिशीतला असतो. नौदलातला कॅप्टन थेट कर्नलच्या तोडीचा, त्याला चार फिती. विमान कंपन्यांनी उचलला तो हा दर्यावर्दी कॅप्टन. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमची पाण्यावर उतरणारी विमानं लांबचे सागरी पल्ले मारू लागली. तोवर वैमानिक म्हटला की चामड्याचं जाकीट. त्याच्या भरवशावर समुद्र ओलांडायला प्रवासी बिचकू नयेत म्हणून कंपनीने त्याला जहाजावरच्या अधिकाऱ्याचा रुबाब दिला. फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), पर्सर (विमानातल्या सेवकवर्गाचा प्रमुख), केबिन हे शब्दही जहाजावरचेच. कोटावर फिती मनगटाशी असतात. अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर त्या खांद्यावर चढल्या.

सहसा चार फिती म्हणजे कॅप्टन, तीन म्हणजे फर्स्ट ऑफिसर. त्याखाली ज्या त्या कंपनीचा रिवाज. कुठे नवख्या फर्स्ट ऑफिसरला दोनच मिळतात. चौथ्या फितीसाठी आपल्याकडे एटीपीएल, म्हणजे ‘एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स’ हा परवाना लागतो, आणि त्याला किमान १५०० तासांचं उड्डाण. एक मात्र ध्यानात ठेवा, फिती पद सांगतात, त्या दिवशीचं काम नव्हे. उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीतही कधी चार फितीवाला दिसतो. तो प्रशिक्षक असेल किंवा दुसरा कॅप्टन, पण ‘पायलट-इन-कमांड’, म्हणजे त्या उड्डाणाचा प्रमुख, दोघांपैकी एकच.

२०२०मध्ये कोळिकोडच्या विमान अपघातात त्या विमानाचे वैमानिक, पूर्वी हवाई दलात असलेले दीपक साठे गेले, तेव्हा बातम्यांत कुठे ‘विंग कमांडर’ छापलं होतं, कुठे ‘कॅप्टन’. दोन्ही बरोबर. हवाई दलात विंग कमांडरला तीन फिती असतात, चार फिती ग्रुप कॅप्टनला. एअर इंडिया एक्स्प्रेसमधलं साठ्यांचं कॅप्टनपद हे विमान कंपनीतलं. हवाई दलाच्या बढतीशी त्याचा संबंध नाही.