वाचकांचे प्रश्न : मुंबईतला एक दिवस आणि ॲनिमेशनपटांची आवड

प्रश्न : आम्ही साताऱ्याला राहतो. सुटीत दोन्ही मुलांना (वय ८ आणि १२) एक दिवस मुंबई दाखवायची आहे. मुलांना ॲनिमेशनपटांचे वेड असल्याने मोठ्या पडद्यावर तसा एखादा चित्रपट पाहायला मिळावा, एवढीच त्यांची मागणी आहे. सासूबाईंना मात्र मुलांनी शहरही नीट पाहावे असे वाटते. दोन्हींचा मेळ कसा घालावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलांच्या आवडीलाच त्या दिवसाचा आधार करावा, असे मी मनापासून सुचवेन. एका दिवसात सात-आठ ठिकाणे गाठू पाहणाऱ्या कुटुंबाचा निम्मा वेळ रस्त्यात जातो. त्यापेक्षा मोजकी ठिकाणे सावकाश पाहावीत.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालात, तर सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतराल. तिथून लगेच बाहेर पडण्याची घाई करू नये. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेल्या आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या इमारतीच्या दगडात कितीतरी प्राणी-पक्षी कोरलेले आहेत, आणि प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह, तर दुसरीकडे वाघ बसलेला आहे. मुलांच्या हाती वही-पेन्सिल देऊन त्यांतला एखादा प्राणी काढायला सांगावे. जवळच सर ज. जी. कला महाविद्यालय आहे. मोगलीच्या कथा लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंग यांचे वडील तिथे शिकवत असत आणि १८६५ साली किपलिंग यांचा जन्मही त्याच आवारात झाला. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी मोगलीची जपानी मालिका आपण स्वतः लहानपणी पाहिली असेल, तर ती आठवण मुलांना इथेच सांगावी.

त्यानंतर टॅक्सीने पेडर रोडवरील, म्हणजेच डॉ. गोपाळराव देशमुख मार्गावरील, भारतीय चित्रपटाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावे. हे संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून वार आधी ठरवावा. दिवसातला सर्वांत मोठा वेळ मी इथे राखून ठेवेन. गुलशन महल या एकोणिसाव्या शतकातल्या बंगल्यात मूकपटांपासूनचा इतिहास मांडलेला आहे, आणि शेजारच्या नव्या इमारतीत मुलांसाठी वेगळा मजला असून चित्रपटामागचे विज्ञान आणि कला तिथे त्यांना स्वतः हाताळून पाहता येते.

आपल्या मुलांच्या दृष्टीने या जागेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. हे संग्रहालय केंद्र सरकारच्या पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजन या चित्रपटनिर्मिती संस्थेच्या आवारात उभे आहे, आणि भारतातल्या ॲनिमेशनचे पहिले पद्धतशीर शिक्षण याच संस्थेच्या व्यंगपट विभागात झाले. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली इथल्या चित्रकारांना शिकवायला आले. त्याच सुमारास राम मोहन या विभागात दाखल झाले. पुढे जपानचे युगो साको यांच्याबरोबर रामायणावरील ॲनिमेशनपटाचे दिग्दर्शन करणाऱ्यांत तेही होते. ‘एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ’ हे गाणे असलेला, विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला १९७४ चा लघुपटही याच संस्थेचा आहे. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकवले, तरी दहा मिनिटांच्या हाताने काढलेल्या चित्रपटाला ७,२०० चित्रे लागतात. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. सकाळी एकच सिंह काढताना लागलेला वेळ त्यांच्या ध्यानात असेल.

गिरगावात जेवण करून मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट दाखवावा. सासूबाई सोबत असतील, तर त्यांनाही तिथे बसायला निवांत जागा मिळेल.

चित्रपट संध्याकाळचा निवडावा. चर्चगेटसमोरचे १९३८ सालचे इरॉस पुन्हा सुरू झाले आहे. तिथे मुलांचा चित्रपट लागलेला नसेल, तर दुसरे चित्रपटगृह पाहावे. तिकीट काढण्यापूर्वी चित्रपटाचे प्रमाणपत्र आणि भाषा या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. ‘यू/ए ७+’ असा शेरा असला, तर धाकट्याला पालकांसह तो पाहता येतो. ‘यू/ए १३+’ चित्रपट मात्र मोठ्यालाही तूर्त दाखवू नये, असे माझे मत आहे. धाकट्याला इंग्रजी संवाद कळत नसतील, तर हिंदीत ध्वनिमुद्रित केलेला खेळ निवडावा, कारण सतत अर्थ विचारत राहणाऱ्या मुलाचे चित्राकडे लक्ष राहत नाही. शेवटची नामावली संपेपर्यंत उठू नये. केवळ पार्श्वभूमी रंगवणारे, केवळ प्रकाशयोजना करणारे असे किती लोक असतात, हे मुलांना तिथेच वाचायला मिळते.

गेटवेसाठी पुन्हा यावे. रात्रीची गाडी चुकण्याची धास्ती घेऊन तिकडे धावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला (वय ११) स्वतः ॲनिमेशन करायचे आहे. त्यासाठी महागडा संगणक घ्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : इतक्यात घेऊ नये. चिकट चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा घेऊन प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात उसळणारा चेंडू काढायला सांगावे. चेंडू वर असताना त्याची चित्रे जवळजवळ आणि जमिनीकडे येताना लांबलांब काढली, तरच तो खराखुरा पडतो आहे असे वाटते. हा नियम हाताला कळणे फार मोलाचे आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ साध्या आगकाड्या एकेका चित्रासाठी सरकवून केली होती. तोच प्रयोग मुलीला मोबाइलवर करता येईल. मोबाइल स्टँडवर पक्का बसवावा, खिडकीचा बदलता उजेड टाळून एकाच दिव्याखाली काम करावे, आणि सेकंदाला १२ छायाचित्रे धरून काड्या दर वेळी अगदी थोड्या हलवाव्यात. गुल काढलेल्या काड्या वापराव्यात, म्हणजे ती एकटी बसली तरी आपल्याला काळजी राहणार नाही.